माफीनंतरचे बागी

झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याने निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर बरवासागर लागते. ओरछ्याच्या उदितसिंह राजाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला विस्तीर्ण तलाव, त्याच्यावर नजर ठेवून उभा असलेला बुंदेल्यांचा किल्ला, गावाबाहेर प्रतिहारांच्या काळातले जराईचे मंदिर, आणि आल्याचा बाजार. झाशी पाहायला आलेला मराठी प्रवासी इकडे फारसा वळत नाही. किल्ला, राणीमहाल आणि १८४२ साली जिथे मनूचे लग्न लागले ते गणेशमंदिर एवढे उरकून तो ओरछा गाठतो. या पुस्तकाचा विषय मात्र बरवासागरपासूनच सुरू होतो. १८५७ साली राज्य पुन्हा हाती आल्यावर राणी लक्ष्मीबाई जातीने इथे आली होती, आणि तिच्या येण्याचे कारण इंग्रज नव्हते. कारण होते दरोडेखोर.

या घटनेच्या दोन हकिकती आपल्याला वाचायला मिळतात. पहिली मराठी आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या आरंभी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते पराक्रम पाहायला नव्हे, दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली होती. यज्ञाऐवजी त्यांच्या वाट्याला बंड आले, झाशीचा वेढा आला, आणि शहर पडल्यावर गोऱ्या शिपायांनी केलेली लूटही आली. पुढे पाव शतकाने, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, भटजींनी हे सारे लिहून काढले. वैद्यांनी त्यावर हात फिरवून ते १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापले. भटजींची मूळ संहिता वाचायला मिळाली ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा. या पुस्तकात बरवासागरचा प्रसंग थोडक्यात येतो. तिथे चोरांचा उपद्रव वाढला, बाईसाहेब स्वतः गेल्या, मुक्काम ठोकून राहिल्या, बंदोबस्त केला. भटजींच्या लेखी चोर तो चोर. त्याला नाव नाही, घर नाही, तक्रार नाही. कमावलेली दक्षिणा कमरेला बांधून परमुलखातून चालणाऱ्या माणसाने चोराबद्दल याहून वेगळे काय लिहावे?

दुसरी हकिकत हिंदी आहे आणि ती कादंबरी आहे. वृंदावनलाल वर्मा मऊरानीपूरचे, जन्म १८८९, झाशीत वकिली करणारे. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले होते आणि त्या दिवसांच्या गोष्टी लेखकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकल्या होत्या. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ मध्ये मराठीत राणीचे चरित्र लिहिले, त्यात राणी नाइलाजाने लढाईत ओढली गेली असा सूर होता. वर्मांना तो पटला नाही. जुनी माणसे गाठून, कचेरीतले कागद चाळून त्यांनी १९४६ मध्ये 'झाँसी की रानी' लिहिली. तीत बरवासागरच्या चोराला एकदम नाव मिळते: कुंवर सागरसिंह. तो ठाकूर आहे, घोडेस्वार आहे, त्याची टोळी आहे. त्याला पकडायला राणी आधी आपला माणूस खुदाबख्श याला पाठवते. खुदाबख्श जखमी होतो आणि सागरसिंह निसटतो. मग राणी आपल्या सख्यांना घेऊन स्वतः निघते, पाठलाग करून त्याला धरते. इथवरचे भटजींच्या हकिकतीशी जुळते. पुढचे नाही. राणी त्याला मारत नाही, फौजेत घेते. त्याची माणसेही त्याच्याबरोबर येतात. काही महिन्यांनी इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज झाशीला वेढा घालते तेव्हा दहा दरवाजांपैकी खंडेराव दरवाजा सागरसिंहाच्या हाती असतो.

भटजींची हकिकत आणि वर्मांची कादंबरी यांच्यामध्ये साठ-पासष्ट वर्षे आहेत. तेवढ्यात चोराचा शिलेदार झाला. हे कसे झाले, का झाले, आणि असे दुसरीकडे कुठे झाले आहे, या प्रश्नांनी मला चीनपर्यंत नेले.

'श्वेइहू च्वान' ही चिनी अभिजात कादंबरी शी नाइ-आन आणि लुओ ग्वानझोंग यांच्या नावावर सांगितली जाते. दोघेही चौदाव्या शतकातले मानले जातात. नावात पाणथळीचा काठ आहे, आणि कथाही तिथलीच. शानतुंग प्रांतात ल्यांगशान नावाचा डोंगर, भोवती दलदल आणि पाणी, आणि त्या आडोशाला जमलेले १०८ बंडवाले. काळ सोंग घराण्याच्या ह्वेइझोंग सम्राटाचा, म्हणजे बाराव्या शतकाचा आरंभ. म्होरक्या सोंग च्यांग हा इतिहासातही सापडतो: त्याच्याबरोबर छत्तीसजण होते आणि ११२१ मध्ये तो शरण आला, एवढी नोंद आहे. छत्तिसांचे १०८ कथेकऱ्यांनी केले. बाजारात गोष्टी सांगणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी दोनशे-अडीचशे वर्षे ही माणसे वाढवली, त्यांना टोपणनावे दिली, हत्यारे दिली, खोडी दिल्या. आल्हा-उदलच्या मुलखातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. महोब्याचे दोन भाऊ गाणाऱ्यांच्या गळ्यात असेच वाढत गेले.

या १०८ जणांत वाघाला बुक्क्यांनी मारणारा वू सोंग आहे, दारू पिऊन मठ मोडणारा लू झिशेन आहे, दोन तलवारी आणि फास घेऊन लढणारी हू सान्न्यांग आहे. पण माझा माणूस लिन छोंग. तो राजधानीच्या फौजेत कवायत शिकवणारा उस्ताद, भालाईत, बायकोवर जीव असलेला सरळमार्गी माणूस. बंडाची त्याला मुळीच हौस नाही. फौजेचा वरिष्ठ काओ छिउ, जो चेंडू उडवण्याच्या कसबावर सम्राटाच्या मर्जीत चढलेला आहे, त्याच्या मानलेल्या मुलाची नजर लिन छोंगच्या बायकोवर पडते. पुढचे सगळे कागदोपत्री, रीतसर घडते, आणि तिथेच या कादंबरीची खरी ताकद आहे. लिन छोंगला एक उंची तलवार विकली जाते. मग साहेबांना तलवार पाहायची आहे असा निरोप येतो. तो ती घेऊन आत जातो, एकामागून एक दालने ओलांडतो, आणि मान वर करतो तर जिथे हत्यार नेणे हाच गुन्हा आहे अशा मसलतखान्यात तो उभा असतो. खटला, गालावर गोंदण, हद्दपारी. वाटेत पहारेकरी त्याचे पाय उकळत्या पाण्यात भाजतात आणि रानात नेऊन मारायच्या बेतात असतात. लू झिशेन ऐनवेळी पोचतो म्हणून तो वाचतो.

एवढे होऊनही लिन छोंग पहारेकऱ्यांना मारू देत नाही. त्सांगझोऊच्या छावणीत जाऊन मुकाट्याने शिक्षा भोगू लागतो. त्याला वैरणीच्या कोठाराची राखण दिली जाते. बर्फ पडत असते, झोपडी बर्फाच्या भाराने कोसळते, म्हणून तो रात्रीपुरता जवळच्या डोंगरदेवाच्या देवळात आसरा घेतो. कोठार पेटते. आणि दाराच्या आडून त्याला ऐकू येते की आग लावणारे कोण आहेत. त्यांच्यातला एक त्याचा जुना मित्र आहे. मेला तर सुटला, वाचला तर कोठार जाळल्याबद्दल फाशी, असा त्यांचा हिशेब. त्या रात्री लिन छोंग दार उघडून बाहेर येतो आणि पहिल्यांदा खून करतो.

त्याच्याकडे आता ल्यांगशानखेरीज जागा उरत नाही. तिथेही स्वागत नाही. डोंगरावरचा तेव्हाचा नायक वांग लुन हा परीक्षा नापास झालेला, मनाने कोता माणूस. त्याला आपल्याहून वरचढ कोणी नको असतो. तो अट घालतो: तीन दिवसांत कुणाचे तरी मुंडके आणून दाखव, म्हणजे तू आमचा. कायद्याबाहेरही कचेरी असते, तिथेही दाखले मागतात, हे इतक्या कोरडेपणी सांगणारा लेखक मला दुसरा ठाऊक नाही.

आता माफीकडे येतो. सोंग च्यांग नायक झाल्यावर ल्यांगशानचे सारे राजकारण एका गोष्टीभोवती फिरू लागते: सम्राटाने आपल्याला माफी द्यावी, फौजेत घ्यावे, मानाने परत बोलवावे. सोंग च्यांग हाडाचा कारकून आहे. दरबार भ्रष्ट आहे, सम्राट चांगला आहे, ही त्याची श्रद्धा शेवटपर्यंत सुटत नाही. ल्यांगशानवर चाल करून आलेला काओ छिउ एकदा चक्क त्यांच्या हाती सापडतो. हाच तो, ज्याच्यामुळे लिन छोंगची बायको गळफास लावून मेली. सोंग च्यांग त्याला मेजवानी देतो, वर बसवतो, त्याच्यापुढे हात जोडतो, कारण माफीची किल्ली त्याच्याकडे आहे. लिन छोंग नुसता डोळे वटारून बघत राहतो. शेकडो पाने लढाया झालेल्या असतात, पण या मेजवानीइतकी हिंसक जागा त्या ग्रंथात नाही.

माफी मिळते. मग माफी मिळालेल्यांना दुसऱ्या बंडखोरांवर पाठवले जाते. दक्षिणेत फांग लाचे बंड मोडता मोडता १०८ मधले बहुतेक मरतात. वू सोंगचा एक हात जातो. लिन छोंगला पक्षाघात होतो, हांगझोऊच्या देवळात वू सोंग त्याची शुश्रूषा करतो आणि अर्ध्या वर्षात तो मरतो. सोंग च्यांगला दरबारी मंडळी सम्राटाच्या नावाने आलेल्या मद्यातून विष घालतात. आपण मेल्यावर जिवलग ली ख्वेइ पुन्हा बंड करील आणि आपल्या निष्ठेला बट्टा लागेल, म्हणून मरण्याआधी तो तेच मद्य ली ख्वेइलाही पाजतो.

चिनी वाचकांनाही हा शेवट गिळता आला नाही. १६४१ मध्ये जिन शेंगथान या टीकाकाराने सत्तर अध्यायांवर कादंबरी तोडली. माफी आणि तिच्यापुढचे सगळे काढून टाकले. त्याला बंडवाल्यांचा पुळका होता म्हणून नव्हे. बंडखोराला माफी देऊन मानाने घरी आणणारी गोष्ट त्याला राज्याच्या दृष्टीने घातक वाटली, म्हणून त्याने शेवटी सगळ्यांची मुंडकी उडताहेत असे एक स्वप्न जोडून दिले. पुढची सुमारे तीनशे वर्षे चीनमध्ये मुख्यतः हीच आवृत्ती वाचली गेली. १९७५ मध्ये म्हाताऱ्या माओने याच कादंबरीवर बोट ठेवले, ते बरोबर उलट्या कारणासाठी: शरणागती कशी असते हे शिकायला ही चांगली, असे तो म्हणाला, आणि देशभर तिच्यावर टीकेची मोहीम चालली. एकाला माफी बंडखोरांना चढवणारी वाटली, दुसऱ्याला विकणारी. दोघांनाही ती सहन झाली नाही.

बुंदेलखंडात माफी ही जुनी राज्यव्यवहाराची रीत होती. वारसाहक्कावरून, जमिनीवरून भांडण झाले की ठाकूर आपली माणसे घेऊन बाहेर पडायचा, ज्याच्याशी वैर त्याची गावे जाळायचा, पिके उधळायचा, वाटा मारायचा. याला तिकडे भूमियावट म्हणत. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनने यावर तपशिलाने लिहिले आहे. त्याची तक्रार अशी की राजा शेवटी थकतो, जमीन देऊन ठाकुराला परत बोलावतो, आणि मधल्यामध्ये मरतो तो शेतकरी. सोंग काळातल्या चीनमध्येही अशाच आशयाची म्हण प्रचारात होती: हुद्दा हवा असेल तर खून कर, जाळपोळ कर आणि मग माफी घे. दोन मुलखांत सात-आठशे वर्षांचे अंतर आहे, पण हिशेब तोच.

म्हणून सागरसिंहाकडे मी थोड्या संशयाने पाहतो, आणि वाचकानेही पाहावे. वर्मांनी त्याला 'कुंवर' केले ते उगीच नाही. ठाकुराला माफी शोभते. त्याची लूट ही मानापमानाची गोष्ट ठरते. त्याच काळात त्याच वाटांवर चोरी करणाऱ्या, जमिनीचा तुकडाही नसलेल्या जमातींच्या वाट्याला कोणती कादंबरी आली? त्यांच्या वाट्याला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. ल्यांगशानवरही बहुतेक वरच्या खुर्च्या माजी सरदारांना, कारकुनांना, जमीनदारांना मिळालेल्या आहेत. मासेमारी करणारे रुआन भाऊ शूर असूनही मधल्या रांगेत बसतात. बंडवाल्यांच्या या डोंगरावर जातपात नाही असे म्हणतात. रांग मात्र आहे, आणि १ ते १०८ अशी क्रमांक घातलेली आहे.

मराठीत या रांगेच्या तळाशी उभा राहून लिहिणारा लेखक झाला, अण्णा भाऊ साठे. 'फकिरा' १९५९ ची. दुष्काळात माणसे उपाशी मरताहेत म्हणून मांगवाड्यातला फकिरा धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि वस्तीतली निरपराध माणसे सरकारने कोंडून ठेवली म्हणून त्यांना सोडवायला स्वतःहून हजर होतो. त्याला कुणी माफी देऊ करील हा प्रश्नच त्या कादंबरीत उभा राहत नाही. आणि आपल्या इतिहासात ज्याला खरोखरच माफी मिळाली तो उमाजी नाईक. १८२७ च्या सुमारास पुरंदरच्या मुलखात कंपनी सरकार त्याच्यापुढे इतके टेकीला आले की त्याला माफी देऊन नोकरी आणि जमीन दिली. चोरांचा बंदोबस्त करायचे काम चोरालाच, ही कंपनीने उचललेली जुनी देशी युक्ती. ती फार दिवस टिकली नाही. उमाजी पुन्हा बाहेर पडला, १८३१ च्या अखेरीस फितुरीने धरला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला. त्याच्यावर लिहिणारा कॅप्टन मॅकिंटॉश शत्रूपक्षाचाच होता, पण त्याच्या लिखाणात उमाजीबद्दलचा अचंबा लपत नाही.

या सगळ्या माफ्या एकीकडे आणि बरवासागरची दुसरीकडे, असे मला वाटते ते एका कारणामुळे. सम्राट ह्वेइझोंगने माफी दिली तेव्हा तो राजधानीत बागेतले दगड आणि चित्रे पाहत बसला होता. कंपनीने उमाजीला माफी दिली तेव्हा तिच्या पुण्यातल्या कचेरीचे काही जात नव्हते. लक्ष्मीबाईची गोष्ट निराळी. १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली, तिला महिना पाच हजारांचे वेतन लावून किल्ल्याखाली उतरवले. जून १८५७ मध्ये शिपायांनी उठाव केला, गोऱ्यांची कत्तल झाली, शिपाई दिल्लीकडे निघून गेले आणि बेवारशी झालेला कारभार तिने हाती घेतला. करेऱ्याला सदाशिवराव नेवाळकर स्वतःला राजा म्हणवू लागला होता. ओरछ्याच्या नथेखानाने झाशीवर चाल केली. खजिना रिकामा, फौज विस्कटलेली. अशा वेळी तिच्यापुढे एक हत्यारबंद टोळी उभी आहे. मारली तर एक संकट कमी होते. घेतली तर फौज वाढते. कादंबरीकाराने दया दाखवली, पण परिस्थितीचा रेटाही तिकडेच होता. वर्मांच्या कथेतली माफी खरी वाटते ती या गरजेमुळे.

आणि तिला माफी देण्याचा अधिकार तरी कुणी दिला होता? इंग्रजांच्या कागदांत काही महिन्यांतच ती स्वतः बंडखोर ठरली. ल्यांगशानमध्ये माफी वरून खाली येते. झाशीत ती एका बागीने दुसऱ्या बागीला दिली. म्हणून तिचे पुढे जे झाले तेही निराळे. २१ मार्च १८५८ ला रोजची फौज शहरापुढे आली; १ एप्रिलला मदतीला येणाऱ्या तात्या टोप्यांचा बेतव्याकाठी पराभव झाला; ३ एप्रिलला गोरे तटावर चढले. ओरछा दरवाजा फितुरीने उघडला अशी कथा झाशीत आजही सांगतात. त्या कथेत दगा देणारा दुल्हाजू हा फौजेतलाच विश्वासाचा माणूस आहे. दरोडेखोराच्या हातचा खंडेराव दरवाजा मात्र फितूर होत नाही. वर्मांनी हे शेजारी-शेजारी ठेवले आणि त्यावर भाष्य केले नाही, हे त्यांचे कसब. सागरसिंह लढतो आणि मरतो. लिन छोंगसारखे दुसऱ्याचे बंड मोडायला त्याला कुणी पाठवत नाही, आणि ज्या हाताने माफी दिली तो हातही त्याच तटावर तलवार धरून आहे. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. १८ जूनच्या आत-बाहेर ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथे पडली.

शहरात मागे राहिलेले भटजी त्या वेळी जीव मुठीत धरून लपत होते. लुटीचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. शिलेदारांच्या सगळ्या गोष्टींत लुटली गेलेली माणसे पडद्यामागे असतात. ल्यांगशानचे वीर गाव जिंकतात तेव्हा त्या गावात कोण होते हे 'श्वेइहू च्वान' फार सांगत बसत नाही, आणि सागरसिंहाने बरवासागरच्या वाटेवर कुणाला नागवले हे वर्मा सांगत नाहीत. 'माझा प्रवास' हे त्या वाटसरूचे पुस्तक आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना पराभूत राणी भेटते, पठाणी वेशात, धुळीने भरलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, पण ती त्यांना थांबवते, स्वतः काढते आणि ओंजळीने पिते. तिची थोरवी त्यांना कळते. चोरांची मात्र कळत नाही, आणि ती त्यांना कळावी असा आग्रह कोणत्याही कादंबरीकाराने धरू नये.

भटजींच्याच पेण तालुक्यात, गागोद्याला, १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले. मान सिंह या चंबळच्या नामांकित बागीचा मुलगा तहसीलदार सिंह तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिले, आणि मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या बीहडात पायी हिंडले. मेजर जनरल यदुनाथ सिंह त्यांच्याबरोबर होते. लुक्का म्हणून ओळखला जाणारा लोकमन दीक्षित आणि आणखी काही, असे वीसजण हत्यारे ठेवून समोर आले. विनोबांनी माफी दिली नाही, कारण ती त्यांच्या हाती नव्हतीच. खटले चालले, शिक्षा झाल्या. पोलिसांना हा प्रकार मुळीच आवडला नाही, आणि त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. पुढे माधो सिंह विनोबांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला जयप्रकाश नारायणांकडे धाडले. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला गांधींच्या तसबिरीपुढे मोहर सिंह, माधो सिंह आणि त्यांच्या टोळ्यांनी बंदुका ठेवल्या. मोहर सिंहाने शिक्षा भोगली, नंतर सिनेमात काम केले, मेहगावच्या नगर पंचायतीचा अध्यक्ष झाला आणि २०२० मध्ये म्हातारपणाने मेला. ल्यांगशानच्या फार थोड्या वीरांना असा शेवट लाभला.

फूलन देवीला तो लाभला नाही. काल्पीच्या मुलखात, जालौन जिल्ह्यातल्या गोऱ्हा का पुरवा इथली ही मल्लाहाची मुलगी. १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमईत तिच्या टोळीने वीसजणांना गोळ्या घालून मारले. १९८३ मध्ये ती भिंडला शरण आली, अकरा वर्षे तुरुंगात राहिली, १९९६ मध्ये मिर्झापूरहून खासदार झाली, २५ जुलै २००१ ला दिल्लीत स्वतःच्या घराच्या दाराशी मारली गेली. तिच्यावर पुस्तके आली, चित्रपट आला, तिला हू सान्न्यांगच्या रांगेत बसवण्याचा मोह लेखकांना होतच राहणार. बेहमईच्या खटल्याचा निकाल २०२४ च्या फेब्रुवारीत लागला. त्रेचाळीस वर्षांनी एका आरोपीला जन्मठेप झाली. बाकीचे बहुतेक आरोपी आणि साक्षीदार तोवर मरून गेले होते.

पुढच्या प्रकरणांत आधी लिन छोंग येतो, मग सागरसिंह, मग उमाजी आणि फकिरा. हा क्रम काळाचा नाही, आणि तो जमेल तसा मोडून वाचायलाही माझी हरकत नाही. ज्यांना चिनी नावांचा कंटाळा येईल त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून, म्हणजे पुरंदरपासून सुरुवात करावी. एक विनंती मात्र आहे. ज्या पानावर कुणी कुणाला माफी देतो तिथे थोडे थांबावे, देणारा त्या वेळी कुठे उभा आहे ते पाहावे, आणि त्या मुलखातला वाटसरू कुठे आहे तेही शोधावे. तो बहुधा सापडणार नाही. त्याच्यासाठी परिशिष्टात भटजींच्या झाशीतल्या दिवसांचा आढावा दिला आहे, आणि तो कोणत्याही शिलेदाराच्या आधी वाचला तरी चालेल.